सिंदी–नागपूर अपडाऊन: नव्यानं सुरू करणाऱ्या पोरींसाठी

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की गावातल्या कोणाच्या तरी आईचा फोन येतोच. "तू गाडीनं जातेस न वो? आमच्या पोरीलेही घेऊन जाशील काय?" न्यायला माझी काही हरकत नाही, पण गर्दीच्या डब्यात चढणं ज्याचं त्यालाच जमावं लागतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सिंदी रेल्वेहून नागपूरला जाणंयेणं करते. (हो, गावाचं नावच सिंदी रेल्वे. आमचा तान्हा पोळा तुम्ही ऐकून असाल.)

पहिलं काम पासाचं. मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा महिन्याचा पास फुकट असतो, मुलांना बारावीपर्यंत. त्यापुढे मुलांना विद्यार्थी सवलतीत अर्ध्या पैशात मिळतो. ही सवलत जुनी आहे, तरी कितीतरी पोरी अजून पैसे भरून पास काढून राहिल्या, कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही. कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर द्यायचा. ऑफिसात सकाळी जाऊ नका. सकाळी तिथं सगळेच घाईत असतात. दुपारच्या जेवणानंतर जा, काम होतं. पास कुठल्याही तारखेपासून सुरू करता येतो, त्यामुळे एक तारखेच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. आणि पास नागपूरपर्यंतचाच घ्या, त्याच्या आधीच्या अजनी स्टेशनपर्यंतचा नको. नागपूरच्या पासावर अजनीला उतरता येतं, उलटं चालत नाही. खरा पास आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाईलमधला फोटो टीसीला दाखवून उपयोग नाही, आणि विनातिकीट धरलं तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे.

आता वेळेचं. आपली मेमू, म्हणजे छोट्या स्टेशनांवर थांबणारी लोकल, मधेच का उभी राहते, हे एकदा समजून घेतलं की चिडचिड निम्मी होते. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही मोठे मार्ग नागपूर ते सेवाग्राम एकाच पट्ट्यावरून जातात. चारही दिशांच्या लांबच्या गाड्या आणि वर कोळशाच्या मालगाड्या, सगळ्या इथूनच. राजधानी मागून येत असली की आपल्याला बाजूच्या लाईनीत घालून ती आधी काढतात. तिसऱ्या-चौथ्या लाईनीचं काम चाललं आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर टाइमटेबलातली पोहोचायची वेळ म्हणजे गाडीची इच्छा समजायची. पहिला तास प्रॅक्टिकलचा असेल तर एक गाडी आधीची. परीक्षेच्या दिवशी तर शक्यतो आदल्या रात्रीच नागपुरात मैत्रिणीकडे मुक्काम.

घरातून कधी निघायचं हे अ‍ॅपवर बघण्यापेक्षा सिंदीच्या आधीच्या सेलू रोड स्टेशनला चढणारी एखादी मैत्रीण जोडा. तिचा "निघाली" असा मेसेज आला की चप्पल घालायची. मधे फक्त तुळजापूर हे एक छोटं स्टेशन येतं.

जागा कुठं धरायची? डावीकडे. गाडी नागपूरला जाताना ईशान्येकडे चालते, सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं. संध्याकाळी उलट दिशेनं परत येताना पश्चिमही उजव्याच हाताला. म्हणजे उन्हाळ्यात दोन्ही वेळा डावी बाजू आणि डिसेंबरात दोन्ही वेळा उजवी. नागपूरकडच्या मे महिन्यात हे लक्षात ठेवलं नाही तर कॉलेजला पोहोचेपर्यंत तुमचं भरीत झालेलं असेल.

बाकी डब्याचे कायदे कुठं लिहिलेले नसतात, पण सगळे पाळतात. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, हा त्यातला पहिला. "सरका न जराशा" म्हटलं की सरकायचं, आणि आपल्यालाही बिनधास्त म्हणायचं. नवीन पोरी लाजून दारापाशी उभ्या राहतात आणि मग बोरखेडीनंतर आत शिरायलाच जागा उरत नाही. दुसरा कायदा: बसल्याबरोबर समोरच्या काकूंना विचारा, "कुठं उतरता?" बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाया बुटीबोरीला उतरतात, त्यांची जागा आधीच बोलून ठेवता येते. हे विचारणं इथं आगाऊपणा समजला जात नाही. उलट न विचारणारी पोरगी शिष्ट ठरते. त्याच काकू महिन्याभरात तुमची बॅग धरतात, डब्यातला झुणका खाऊ घालतात आणि "लग्नाचं काय ठरलं?" हेही विचारतात. यावर माझं ठरलेलं उत्तर आहे: "आधी एम.एस्सी." मग त्या एम.एस्सी. किती वर्षांचं असतं ते विचारतात. पत्त्यांचा अड्डा जमलेला असेल तिथं मात्र बसू नका. ते लोक वाईट नाहीत, पण डाव संपेपर्यंत तुम्हाला उठता येत नाही.

अभ्यास होतो, पण आकृत्या काढायचा नाही. व्याख्या, सूत्रं, एका वाक्याचे प्रश्न असं काहीतरी छोट्या वहीत लिहून न्या, उभ्याउभ्या एका हातात धरता येईल इतकी छोटी. बुटीबोरीच्या पुढे पुस्तक उघडायची जिद्द सोडा.

कॉलेज मेडिकल किंवा काँग्रेसनगरकडे असेल तर अजनीलाच उतरा. काँग्रेसनगरचं मेट्रो स्टेशन तिथून चालत गाठता येतं. अजनी ते नागपूर अंतर थोडंसंच, पण प्लॅटफॉर्म रिकामा नसला की आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, गाडी किती थांबेल याचा नेम नाही. तिथं दाराशी उभं राहून मोबाईल चाळू नका. खालून फटका मारून फोन पाडणारे असतात. नागपूरलाच उतरायचं असेल तर पश्चिमेचं मुख्य दार आणि पूर्वेचं संत्रा मार्केटचं दार, यातलं आपलं कोणतं ते आधी ठरवा, नाहीतर पुलावर उलट्या गर्दीतून यावं लागतं.

परतीची गाडी चुकली तर घाबरून भलत्याच एक्सप्रेसमध्ये चढू नका. बहुतेक एक्सप्रेस सिंदीला थांबतच नाहीत, सरळ सेवाग्राम किंवा वर्ध्याला नेऊन सोडतात. त्यापेक्षा वर्धा रोडची एसटी धरून बुटीबोरीला उतरा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. नागपुरातून निघतानाच घरी फोन लावा, म्हणजे भाऊ गाडी घेऊन बुटीबोरीला वेळेत येईल. त्याला पेट्रोलचे पैसे तेवढे द्या. फुकटात तो एकदाच येतो.