कोडिंग न येता वेबसाइटचं सॉफ्टवेअर निवडताना

एखाद्या वेबसाइट बिल्डरचं (कोड न लिहिता वेबसाइट उभारून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) टेम्प्लेट, म्हणजे तयार मांडणी, आवडलं तरी लगेच खातं उघडू नका. आधी त्याचा नमुना लॅपटॉपवर उघडा, ब्राउझरच्या खिडकीची उजवी कड धरा आणि ती हळूहळू आत ढकलत न्या. शेजारी शेजारी असलेले तीन रकाने एकाखाली एक येतात का? मेनूच्या जागी तीन रेघांचं बटण येतं का? फोटो चेपला जातो की प्रमाणात लहान होतो? आणि मुख्य म्हणजे, तळाशी आडवी सरकपट्टी उगवते का? क्रोमची खिडकी एका मर्यादेनंतर अरुंद होत नाही. तिथून पुढे एफ१२ दाबायचं, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकत्र. फोनच्या आकाराची चौकट दिसते, तिच्या रुंदीच्या रकान्यात ३२० लिहायचं. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जे जागतिक निकष आहेत, तेही हाच आकडा धरतात: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर वाचताना आडवं सरकवावं लागू नये.

माझी पदवी वाणिज्य शाखेची आणि नोकरी हिशेबाची. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलची एक ओळही येत नसताना सॉफ्टवेअर निवडायचं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग या तपासणीचा झाला. जाहिरातीत प्रत्येक कंपनी ‘रिस्पॉन्सिव्ह’ लिहिते, म्हणजे स्क्रीनच्या आकाराप्रमाणे मांडणी बदलणारी. प्रत्येकीचा अर्थ मात्र वेगळा असतो, आणि तो फरक कळला की निवड निम्मी झालेली असते.

हा शब्द रूढ केला ईथन मारकॉट या अमेरिकन डिझायनरने, २०१० साली लिहिलेल्या एका लेखातून. त्याआधी मोठ्या स्क्रीनसाठी एक आणि मोबाइलसाठी दुसरी अशा दोन वेबसाइट ठेवायची पद्धत होती. २००७च्या आयफोनने तर साधी वेबसाइट ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून सगळं पान आक्रसून दाखवायला सुरुवात केली. बोटांनी मोठं केल्याशिवाय अक्षर वाचता यायचं नाही. मारकॉट यांचं म्हणणं होतं की पान एकच असावं: रकाने टक्क्यांत मोजावेत, चित्रं लवचीक असावीत आणि स्क्रीनच्या रुंदीनुसार नियम बदलावेत. पंगतीत जागा अपुरी पडली की उरलेल्यांची दुसरी पंगत बसते, तसे रकाने जागा संपली की खालच्या ओळीत उतरतात. कोड न लिहिणाऱ्या माणसाला इतकं समजलं तरी पुरे.

मला वेबसाइट करायची होती ती मावशीसाठी. गुहागर तालुक्यात तिच्याकडे पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची घरगुती सोय आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे दापोलीकडून आले तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावतात आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवर रस्ता, खोलीचे दर, जेवणाची वेळ शोधतात. एका हातात फोन, डोक्यावर ऊन, रेंज कधी आहे कधी नाही. हा वाचक डोळ्यांसमोर ठेवला आणि बरेचसे प्रश्न आपोआप सुटले. फिरती चित्रं, पार्श्वभूमीला चालणारा व्हिडिओ, स्क्रोल करताना उडत येणारी अक्षरं देणारी टेम्प्लेटं पहिल्या फेरीतच बाद झाली. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात कुठल्याही पानाचा पत्ता टाकून मोबाइलवरचा वेग बघता येतो. तिथे टेम्प्लेटच्या नमुन्याचाच पत्ता टाका. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. कोऱ्या टेम्प्लेटलाच ते जमत नसेल तर तुमचे फोटो चढल्यावर काय होईल?

आता मूळ फरकाकडे. कोडशिवाय चालणारी साधनं ढोबळमानाने दोन जातींची आहेत.

पहिल्या जातीत तुम्ही ब्लॉक (मजकूर, फोटो, बटण असे पानाचे सुटे तुकडे) एकाखाली एक रचता आणि फोनवर ते कसे बसायचे हे सॉफ्टवेअर ठरवतं. गूगल साइट्स हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. जीमेलचं खातं असेल तर फुकट, आणि फोन, टॅबलेट, मोठी स्क्रीन असं तीन तऱ्हेने बघायची सोय. नियंत्रण फार कमी मिळतं, पण नवख्या माणसाच्या हातून मांडणी बिघडणंही अवघड. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर (डिसेंबर २०१८ पासून) याच जातीचा. त्यात रकान्यांच्या ब्लॉकला ‘मोबाइलवर एकाखाली एक’ असा एक स्विच असतो, तेवढा चालू आहे ना ते बघायचं.

दुसऱ्या जातीत वस्तू उचलून पानावर हवी तिथे ठेवता येते. विक्सचा नेहमीचा एडिटर असा आहे. स्क्वेअरस्पेसनेही २०२२मध्ये ‘फ्लुइड इंजिन’ आणून जाळीवर मोकळेपणाने मांडायची मुभा दिली. पहिल्याच दिवशी खूप मजा येते, कारण मनातलं पान तसंच्या तसं उभं राहतं. पण मोबाइलची मांडणी तिथे वेगळी असते आणि ती वेगळी तपासावी लागते. लॅपटॉपच्या पानावर नवी वस्तू टाकली की ती मोबाइलच्या पानावर सॉफ्टवेअरला वाटेल तिथे जाऊन बसते. मग तिकडे जाऊन ती नीट करायची. एक-दोन पानांची, क्वचित बदलणारी वेबसाइट असेल तर हे खुशाल करा. दर आठवड्याला मजकूर बदलणार असेल तर दुप्पट काम लागेल हे धरून चाला. माझा कौल नवशिक्यांसाठी पहिल्या जातीला आहे, आणि तो मी कुणालाही ठामपणे सांगते.

वेबफ्लो या दोहोंत बसत नाही. तिथे कोड लिहावा लागत नाही, पण बॉक्स, पॅडिंग (बॉक्सच्या आतली मोकळी जागा), फ्लेक्सबॉक्स (वस्तू ओळीत बसवायची पद्धत) या संकल्पना समजून घ्याव्याच लागतात. ज्यांना पुढे वेब डिझाइनचंच काम करायचं आहे त्यांनी तिथे जरूर वेळ घालवावा, कारण हात बसता बसता सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, कळायला लागते. दुकानाची किंवा क्लासची वेबसाइट उभी करून आपल्या कामाला लागायचं असेल तर एवढी मेहनत नको.

निवड करताना मुखपृष्ठ बांधून बघू नका, सगळ्यात अवघड पान बांधा. टेम्प्लेटचं मुखपृष्ठ देखणं असणारच. आमच्याकडे अवघड पान होतं दरपत्रकाचं: खोलीचा प्रकार, एरवीचा दर, मे महिन्याचा दर, गणपती-दिवाळीचा दर. चार रकान्यांचा तक्ता फोनवर एक तर चेपतो, नाही तर आडवा सरकतो, कारण तक्त्यातले रकाने खाली उतरत नाहीत. म्हणून तक्ता मोडून प्रत्येक खोलीचा वेगळा ब्लॉक केला आणि त्यातच दर लिहिले. हेच पान निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधून पाहिलं आणि कुठे किती झगडावं लागतं ते लगेच दिसलं. दरपत्रकाचं चित्र करून चिकटवण्याचा मोह खूप जणांना होतो. ते करू नका. चित्रातली अक्षरं फोनवर नव्याने ओळीत बसत नाहीत, नुसती बारीक होत जातात, आणि दर बदलला की पुन्हा डिझाइनवाल्याकडे जाणं आलं.

मराठी मजकुराची परीक्षा तर घ्यायलाच हवी. परदेशी टेम्प्लेट बनवणाऱ्यांच्या मनात देवनागरी बहुधा नसते. नमुन्यातलं इंग्रजी शीर्षक काढून तिथे ‘स्वयंपाकघरासह कौटुंबिक खोली’ असं काहीतरी लांब टाका. पुष्कळ टेम्प्लेटांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं. इंग्रजीत ते डौलदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं होतं. हे अंतर शून्य करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते बघा. ओळींमधली जागाही वाढवता यायला हवी, नाही तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत शिरतात. फॉन्टच्या यादीत मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी असेल तर काळजी मिटली. पहिले दोन मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे आहेत आणि तिन्ही मोफत वापरता येतात. पण एका वेबसाइटवर एखाद-दोन जाडीच घ्या, बऱ्याच फॉन्टांत प्रत्येक जाडीची फाइल फोनला वेगळी उतरवून घ्यावी लागते. छापखान्यातून आलेला मजकूर बऱ्याचदा जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच अक्षरं दाखवणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतो आणि इथे चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटतात. तो पुन्हा टाइप करा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या.

यानंतरचा प्रश्न फार कमी जण विचारतात: उद्या इथून निघायचं झालं तर काय बरोबर नेता येईल? अडोबी म्यूज हे कोडशिवाय वेबसाइट करण्याचं नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं. २०१८ साली अडोबीने ते पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये त्याचा पाठिंबा थांबला. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून (नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीवरून) झटपट करता येणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या; कित्येक छोट्या व्यावसायिकांची ती एकुलती एक वेबसाइट होती. विक्सवरची वेबसाइट जशीच्या तशी दुसऱ्या होस्टिंगवर (वेबसाइटच्या फाइली ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) हलवता येत नाही. वेबफ्लो पैसे भरलेल्या योजनेत कोड देतं, पण त्यातले फॉर्म बाहेर चालत नाहीत. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस सगळं सामान घेऊन दुसरीकडे हलवता येतं, मात्र अपडेट, बॅकअप आणि सुरक्षेची जबाबदारी आपल्यावर येते. मावशीसाठी मी शेवटी तेच निवडलं. प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या जास्तीच्या सोयी, मोजके ठेवले आणि बॅकअप आपोआप होईल अशी सोय केली. हे सांभाळणारं घरात कुणीच नसेल तर गूगल साइट्सवर राहणं जास्त शहाणपणाचं. फक्त मजकूर आणि मूळ फोटो एका फोल्डरमध्ये वेगळे जपून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या वर्षाचा दर बघून ठरवू नका, नूतनीकरणाचा दर शोधा. तो बहुतेक वेळा जास्त असतो आणि बारीक अक्षरात असतो. फुकट योजनेत कंपनीची जाहिरात दिसते का, स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता) जोडता येतं का, हेही पैसे भरण्याआधी वाचा. डोमेन मात्र व्यवसायाच्या मालकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या, वेबसाइट भाच्याने केलेली असो की एजन्सीने. सॉफ्टवेअर बदललं तरी पत्ता तोच ठेवता येतो, आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारा ईमेल ज्याला पैसे भरायचे आहेत त्याच्याकडेच जातो.