खड्डे घेण्याआधी माळ मोजा

गायरानावर झाडं लावायचं ठरलं की सगळ्यात आधी जेसीबी बोलावला जातो. तो यायच्या आधी पंधरा-वीस दिवस काढून आज माळावर काय उभं आहे, काय नुसतं मुळाशी जिवंत आहे आणि गावानं त्यातलं काय वापरलं, याची नोंद करावी. खालची पद्धत बीडकडच्या बालाघाट डोंगररांगेतल्या मुरमाड माळासाठी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचं सागवानी रान वेगळं, पाऊसही तिकडं जास्त. तिथली झाडांची यादी बीडच्या आष्टी-पाटोद्याला उचलून आणू नये.

सुरुवात नकाशापासून. गुगल अर्थवर गायरानाची हद्द आखा आणि ऑक्टोबर व एप्रिल अशी दोन चित्रं शेजारी ठेवा. नुसत्या एप्रिलच्या चित्रावर विसंबलात तर फसाल. तेव्हा गवत वाळून मातीच्या रंगाचं होतं, धावडा-सालई पानं झडून उघडी पडतात आणि हिरवी दिसते ती बहुतेक वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून येऊन माळभर पसरलेलं काटेरी झाड. म्हणजे सगळ्यात बिघडलेला तुकडा सगळ्यात चांगला वाटतो. दोन्ही चित्रं बघून पठार, उतार, उघडा खडक आणि ओढाकाठ असे तुकडे पाडा. ओढाकाठ अरुंद असला तरी सोडू नका. जुनी, बी देणारी झाडं उरली असतील तर तिथंच सापडतील.

मोजणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करा, कारण तुरा असताना पवना, मारवेल, कुसळी ही गवतं ओळखता येतात. नंतर सगळं एकच गवत दिसतं. प्रत्येक तुकड्यात निदान ५ चौकोन, १० बाय १० मीटरचे. जागा नकाशावर घरं पाडून चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर माणूस हमखास सावलीकडं सरकतो. चार खुंट्या, सुतळी, आणि कर्ण १४ मीटर १४ सेंटिमीटर भरला की कोपरे बरोबर. झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा, उतारावर वरच्या अंगाला उभं राहून. एका कोपऱ्यात ५ बाय ५ मध्ये तरवड, करवंद, घाणेरी मोजा. गवतासाठी चार कोपरे आणि मध्य धरून १ बाय १ मीटरचे पाच चौकोन घ्या. जनावरांच्या आवडीचा पवना जवळजवळ नाही आणि कुसळीच फार, असं दिसलं तर तिथं चराई बहुधा जास्त झाली आहे.

खरी गंमत खुंटांत आहे. कुऱ्हाड लागलेला, शेळ्यांनी वारंवार खाल्लेला पळस गुडघ्याएवढा राहतो आणि लोक त्याला झुडूप समजून सोडून देतात. पानं तीनच, त्यामुळे ओळख चुकायची नाही. बुंध्याशी वाकून बघा: जुना काळपट खुंट आणि कडेनं आठ-दहा फुटवे. असे खुंट वेगळे मोजा. चौकोनात ४ निघाले तर हेक्टरी ४०० झाले. ३ बाय ३ मीटरवर खड्डे घेतले तर हेक्टरी १,१११ बसतात. त्यातले बरेच या जिवंत मुळांवरच पडतील. शिवाय गवताची जाळी फाटून मुरूम वर आला की पहिल्या पावसाला गाजरगवत हजर. अशा तुकड्यात खड्डे नकोतच. पालवी फुटायच्या आधी दोन-तीन जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे धारदार कोयत्यानं तिरके छाटा. ओढून तोडले तर साल सोलते आणि खुंट सडतो.

वापराची माहिती घरी बसून विचारू नये. ‘औषधी वनस्पती कोणत्या?’ म्हटलं की लोक तुळस, कोरफड, अडुळसा सांगतात. मेंढपाळाबरोबर, बाजारात रानभाजी विकणाऱ्या बाईबरोबर माळावर चाला आणि झाड दाखवून विचारा. पळसाची पानं पत्रावळीला, निर्गुडीचे फोक कणगीला, बाभळीचं लाकूड आउताला, तरवडाची साल चामडं कमवायला, करटुली आणि तरोटा भाजीला. वहीत चार रकाने करा: कोणता भाग, कशासाठी, पूर्वी कुठल्या तुकड्यातून, आता कुठून. शेवटचे दोन विसरू नका, लागवडीची जागा त्यांतूनच कळते. औषधाची कृती सांगणाऱ्याची परवानगी घेऊनच लिहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असेल तर एक प्रत तिकडं द्या.

जिथं खुंटही नाहीत तिथंच बी टाका. लिंबोळीचा गर धुऊन, सावलीत सुकवून दोन-तीन आठवड्यांत टोकायची. जुनी लिंबोळी उगवत नाही. बाभळीच्या बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवा. शेळ्यांच्या वाड्यातलं बी आयतं मिळतं खरं, पण त्यात वेड्या बाभळीचंही असतं. साध्या बाभळीच्या, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा स्वतः तोडून आणलेल्या बऱ्या. वेडी बाभूळ नुसती कापू नका, दुप्पट फुटते; वीतभर खाली खणून मुळाचा गड्डा काढा.

चराई सगळीकडं एकदम बंद केली तर कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात तुटतं. तिसरा हिस्सा बंद ठेवा आणि तिथलं गवत कापून न्यायला मोकळीक द्या. पुढच्या ऑक्टोबरात तेच चौकोन पुन्हा मोजायचे आहेत, म्हणून कोपऱ्यांवर रंगवलेले दगड पुरा. लाकडी खुंट्या सरपणात जातात.