पाऊस ओसरतोय, ॲव्होकॅडोची मुळी आधी उकरून बघा

सप्टेंबर सरत आला की माळव्यातला पाऊस ओसरतो आणि ह्युमिक आम्ल, सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क) अशा जैवउत्तेजकांच्या, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणाऱ्या द्रावणांच्या, बाटल्या शेतावर येऊ लागतात. इंदूर, महू, सांवेरकडे ज्यांची ॲव्होकॅडोची रोपं वर्ष-दोन वर्षांची आहेत, त्यांना कळकळीने सांगतो : बाटली उघडण्याआधी खुरपं हातात घ्या.

रोपाच्या घेराच्या कडेला चार बोटं माती हलकेच सरकवा. पांढरी, ताजी मुळी दिसली तर बरं. काळी, चिमटीत तुटणारी दिसली तर मूळकुज समजा. तिथे जैवउत्तेजकाने काही साधणार नाही. पाण्याला वाट करा आणि कृषी विज्ञान केंद्रात रोप दाखवून बुरशीचा बंदोबस्त करा.

या झाडाला मूळरोम (मुळीवरचे बारीक केस) अगदी थोडे, आणि अन्न घेणारी बहुतेक मुळी वरच्या वीत-दीड वीत थरातच. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळीचा श्वास कोंडतो. एका ऑगस्टमध्ये मी चिखलातच आळवणी केली, म्हणजे मुळाशी द्रावण ओतलं, आणि पाच रोपं पिवळी पडून गेली. औषध चांगलं होतं, माती तयार नव्हती. म्हणून वाफसा येऊ द्या, म्हणजे मातीत ओल राहून हवाही खेळू द्या : मुठीत वळलेला मातीचा गोळा बोटाने टोचला की फुटला पाहिजे. सपाट लावणी असेल तर ओळीच्या दोन्ही अंगांनी चर काढा. नवी लावणी उंच गादीवाफ्यावरच करा.

मग सीवीड किंवा ह्युमिक, एका वेळी एकच, लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, बुंधा सोडून. ह्युमिक कॅल्शियम नायट्रेटबरोबर टाकीत घालू नका, गाळ बसून ड्रिप तुंबते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) कुजलेल्या शेणखतातून द्या. मायकोरायझा (मुळीशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) मुळीला भिडावा लागतो, त्यामुळे तो लावणीच्या खड्ड्यातच जास्त कामाचा. जिथे स्फुरद (फॉस्फरस) भरपूर पडलंय तिथे तो नीट रुजत नाही. चार रोपं मुद्दाम नुसत्या पाण्यावर ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं असेल तर ती बहुधा चुनखडीच्या मातीतली लोहाची कमतरता असते. तिचा उपाय वेगळा.

जैवउत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत, तेव्हा पक्कं बिल घ्या, लेबल वाचा. हे सगळं ऑक्टोबरात उरका. थंडी पडली की मुळीची वाढ मंदावते. शेवटी सोयाबीनच्या भुशाचं किंवा पाचोळ्याचं आच्छादन टाका, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून.