जुन्या गाडीचा अल्टरनेटर घरघरतोय? आधी बेल्ट उतरवा

मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या जुन्या गाडीत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) एकाच बेल्टवर फिरतात. त्यामुळे बेअरिंग पंपाचं गेलेलं असतं आणि बदलला जातो अल्टरनेटर. हा खर्च टाळता येतो.

गाडी सुरू करताच किंवा हेडलाइट लावल्यावर चिरका आवाज येत असेल, तर तो बहुधा बेल्टचा. चालू इंजिनमध्ये हात न घालता, लांबूनच बेल्टवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर जरी बदलला, तरी दोष बेल्टचाच समजा. इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या (बेल्ट ज्यांवर फिरतो त्या चाकांच्या) मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर बेल्ट साधारण ८ ते १० मिमी दबायला हवा. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर ताणून उपयोग नाही, नवा घाला. पण तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणू नका. बेअरिंगं त्यानेच जातात.

रेस वाढवली की वाढणारी घरघर असेल, तर थंड इंजिनचा बेल्ट उतरवा आणि गाडी जेमतेम अर्धा मिनिट चालवा. जास्त नको, कारण पंप बंद असतो. आवाज गेला तर इंजिन बंद करून दोन्ही पुल्या हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं, खराब झालेलं आत वाळू असल्यासारखं बोटांना खरखरतं. पंपाच्या पुलीला खेळ असेल किंवा खाली कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) ओघळ दिसले, तर अल्टरनेटरला हात लावू नका.

पुली मऊ फिरते, पण लोड पडला की बारीक गुणगुण येते आणि ती रेडिओतही ऐकू येते? मग अल्टरनेटरमधले डायोड (एसीचं डीसी करणारे भाग) तपासा. बेल्ट पुन्हा चढवा, इंजिन चालू ठेवा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा. ०.१ व्होल्टच्या आत ठीक; अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला तर डायोड प्लेट बदला. ‘टर्मिनल काढून बघू’ हा गॅरेजमधला जुना प्रयोग चालू इंजिनवर करू नका, रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) उडतो.

अल्टरनेटरचंच बेअरिंग गेलं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मगच अल्टरनेटर उतरवा. दोन्ही झाकणांवर खडूने एक सरळ रेघ मारा, जोडताना तीच कामाला येते. झाकणं धरणारे लांब बोल्ट आणि पुलीचा नट काढा, पुढच्या बेअरिंगची पट्टी सोडवा, मागचं बेअरिंग पुलरने ओढा. नवं घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. ६३०३ असेल तर ते १७ × ४७ × १४ मिमी. मागे ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील. दोन्ही बेअरिंगं एकदमच बदला, उघडण्याची मेहनत तीच.

बसवताना इथेच बहुतेकांचं चुकतं. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगवर, झाकणात बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलं की गोळ्या फिरतात त्या खोबणीत खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी बोलायला लागतं. झाकण हॉट एअर गनने कोमट केलं तर हातोडीची गरजच उरत नाही.

उघडलंच आहे तर कार्बन ब्रश पाहा. ५ मिमीहून कमी उरले असतील तर बदला. स्लिप रिंगा (ब्रश ज्यांवर घासतात त्या शाफ्टवरच्या रिंगा) बारीक सँडपेपरने पुसा. बंद करताना ब्रश आत दाबून मागच्या भोकातून तार घाला, नाहीतर ते मोडतात. जोडणी झाल्यावर तार काढायला विसरू नका. मग पुली हाताने फिरवा. कुठेही घासता कामा नये. गाडीवर चढवल्यावर चालू इंजिनवर डीसी १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नवा बेल्ट घातला असेल तर काही दिवसांनी ताण पुन्हा बघा, तो थोडा सैलावतो.