एएलएम विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी: एकच बँक, दोन उत्तरं

शाखेतून मुख्य कार्यालयाच्या एएलएम (मालमत्ता-देणी व्यवस्थापन) विभागात बदली झाली, की नव्या अधिकाऱ्याच्या हाती लवकरच व्याजदर संवेदनशीलतेचं विवरणपत्र पडतं. सीएआयआयबी या बँकिंग परीक्षेचा बँक फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर ताजा असेल तर सूत्रं पाठ असतात. तरी माणूस अडतोच, कारण कुठली रक्कम कुठल्या बकेटमध्ये, म्हणजे कालावधीच्या रकान्यात, टाकायची हे सूत्र सांगत नाही.

वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. तरलतेच्या विवरणपत्रात ते हप्त्यांप्रमाणे वीस वर्षांत पसरतं. व्याजदर संवेदनशीलतेच्या विवरणपत्रात प्रश्न एवढाच, की त्याचा दर पुन्हा कधी बदलणार? ऑक्टोबर २०१९पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) बाह्य मानदंडाला जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर रीसेट होतो. म्हणजे जवळपास सगळी थकबाकी तीन महिन्यांच्या आतल्या बकेटमध्ये. एमसीएलआरवरचं (बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दरावरचं) कर्ज असेल तर रीसेटची तारीख मंजुरीपत्रात बघा, नुसत्या सिस्टिमवर विसंबू नका.

आता हिशेब. समजा, बँकेची मालमत्ता (कर्जं, रोखे) १००० कोटी, देणी (मुख्यतः ठेवी) ९००, भांडवल १००. वर्षभरात दर बदलणारी मालमत्ता ६०० कोटी, देणी ४५०. गॅप, म्हणजे या दोन्हींतला फरक, अधिक १५०. दर दोन टक्के वाढले तर वर्षाचं निव्वळ व्याज उत्पन्न ३ कोटींनी वाढेल. छान!

त्याच बँकेचं ड्युरेशन काढा, म्हणजे दर बदलला की मूल्य किती हलतं याचं माप. दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे धरून मालमत्तेचं सुधारित ड्युरेशन १.८, देण्यांचं १.२. ड्युरेशन गॅप = १.८ − (०.९ × १.२) = ०.७२; इथे ०.९ म्हणजे देणी भागिले मालमत्ता. तेच दोन टक्के वाढले तर भांडवलाचं आर्थिक मूल्य सुमारे १४.४ कोटींनी (०.७२ × २% × १०००) घटतं, १०० कोटींतले १४.४! नवखा इथे चूक शोधत बसतो. चूक नसते. पहिली पद्धत यंदाच्या उत्पन्नाकडे बघते, दुसरी सगळ्या मुदतींकडे. रिझर्व्ह बँकेने १९९९च्या एएलएम सूचनांत पारंपरिक गॅप दिली, २०१०मध्ये ड्युरेशन गॅपही मागितली, ती म्हणूनच. आल्कोपुढे (बँकेच्या मालमत्ता-देणी समितीपुढे) जाताना दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

गॅप एक गोष्ट लपवते. दर पहिल्याच दिवशी, दोन्ही बाजूंना सारखाच बदलला असं ती धरून चालते. फेब्रुवारी ते जून २०२५मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. रेपोवरची कर्जं पाठोपाठ स्वस्त झाली, जुन्या मुदत ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने व्याज घेत राहिल्या.

माझ्या मते सगळ्यात निसरडी जागा म्हणजे बचत खाती. त्यांना मुदत नाही, त्यामुळे किती रक्कम ‘कोअर’, म्हणजे टिकून राहणारी, धरायची आणि ती किती काळ टिकेल हे आपणच ठरवतो. ठेवींचं ड्युरेशन थोडं ताणलं, की जोखीम कागदावर घटते. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने एप्रिल २०२२मध्ये नेमकं हेच केलं. फेडरल रिझर्व्हच्या अहवालात त्या बदलाला पुरेसा आधार नव्हता असं म्हटलं आहे. मार्च २०२३मध्ये बँक बुडाली, त्या ठेवी काढून घ्यायला एक-दोन दिवसांत झुंबड उडाली.

म्हणून पहिल्या महिन्यात नवी एक्सेल शीट बांधायच्या भानगडीत पडू नका. कोअर ठेवींचा अभ्यास किती वर्षांच्या आकड्यांवर केलाय, त्यात दर वाढण्याचा काळ आहे का आणि मोठ्या ठेवीदारांचा वाटा वेगळा काढलाय का, एवढं विचारा. जमलं तर काही दिवस ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा निधी आणि रोखे सांभाळणाऱ्या विभागात, बसा. शाखेत काम केलं असेल तर कुठला ठेवीदार पाव टक्क्यासाठी बँक बदलतो हे तुम्हाला मुख्य कार्यालयातल्या अनेकांपेक्षा जास्त ठाऊक असतं. बैठकीत ते बोला.