मॅग्नेट की घराजवळचं मिडल स्कूल? पाचवीतल्या मुलांच्या पालकांनी काय तपासावं

अमेरिकेत मूल पाचवीत गेलं की मराठी घरांत हा विषय निघतोच. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना कुणीतरी विचारतं, ‘मॅग्नेटला टाकणार ना?’ म्हणजे घराजवळच्या ठरलेल्या मिडल स्कूलऐवजी (सहावी ते आठवी) एखादा खास अभ्यासक्रम असलेल्या सरकारी शाळेत, अर्ज करून. बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये अर्ज शरद ऋतूत सुरू होतात आणि हिवाळ्यात बंद होतात. त्यामुळे चौकशी दिवाळीच्या आधीच सुरू करावी.

आधी प्रोग्रामचा प्रकार ओळखा

मॅग्नेट म्हणजे हुशार मुलांची शाळा, ही समजूत अर्धवट आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत या शाळा निघाल्या त्या वर्णावरून वेगळ्या पडलेल्या वस्त्यांतली मुलं एकत्र यावीत म्हणून. एखाद्या शाळेत विज्ञान, कला किंवा भाषेचं काही खास सुरू करायचं, म्हणजे दुसऱ्या भागातले पालक आपणहून मुलं पाठवतील. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरातली मॅकार्व्हर ही प्राथमिक शाळा १९६८ सालची, अगदी सुरुवातीच्या मॅग्नेट शाळांपैकी.

म्हणूनच आजही अनेक ठिकाणी प्रवेश निव्वळ लॉटरीने होतो, गुणांचा संबंधच नसतो. काही ठिकाणी ग्रेड आणि चाचणी बघतात. तिसरी पद्धत मिश्र असते. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत टाकोमा पार्क आणि ईस्टर्न या मिडल स्कूलमधले मॅग्नेट जुने आणि नावाजलेले. तिथे पूर्वी परीक्षेवर निवड व्हायची, कोविडच्या काळात पात्र मुलांमध्ये लॉटरी आली. तेव्हा मोठ्या मुलाच्या वेळची माहिती धाकट्याला लावू नका. निव्वळ लॉटरी असेल तर कॉगॅटच्या (मुलांची विचारक्षमता मोजणारी चाचणी) सरावपुस्तकांवर डॉलरही खर्च करायची गरज नाही.

पूर्ण शाळाच मॅग्नेट आहे, की साध्या शाळेत मॅग्नेटची एक तुकडी आहे, हेही विचारा. तुकडी असेल तर दिवसातले तीन-चार तासच ‘मॅग्नेट’चे असू शकतात. बाकीचे तास, जेवणाची सुट्टी, पीई (व्यायामाचा तास) सगळं त्या शाळेतल्या इतर मुलांबरोबर.

मग दोन्ही शाळांचा गणिताचा रस्ता कागदावर काढा

डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की तुमची ठरलेली शाळा कळते. तिला कुठे ‘बेस’, कुठे ‘झोन्ड’, तर कुठे ‘होम स्कूल’ म्हणतात (घरी शिकवण्याशी याचा संबंध नाही). दोन्ही शाळांचं कोर्स गाईड काढा आणि बारावीकडून उलटं मोजत या. नेहमीचा क्रम अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. अल्जिब्रा १ नववीत घेतलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस येतं. आठवीत घेतलं तर बारावीत कॅल्क्युलस, आणि सातवीत घेतलं तर अकरावीतच.

आता ठरलेल्या शाळेच्या काउन्सिलरला नेमकं विचारा: सातवीत अल्जिब्रा १ आहे का? किती मुलं घेतात? वर्गात शिक्षक शिकवतात, की मुलांना लॅपटॉप देऊन ऑनलाइन बसवतात? हाच कोर्स वर्गभर मुलांसाठी तिथे नीट चालत असेल, तर मॅग्नेटचं निम्मं आकर्षण तिथेच संपतं. उलट बाजूही बघा. अपूर्णांकांत अडखळणाऱ्या मुलाला सातवीत अल्जिब्रात ढकललं की सी ग्रेड मिळते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये हा कोर्स हायस्कूलचा धरतात, म्हणजे ती सी हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) जाते.

बसचं गणित

मॅग्नेटची बस बहुधा दारात येत नाही. लांबच्या एखाद्या ठरावीक स्टॉपवर मुलाला सोडावं आणि तिथूनच आणावं लागतं. जाताना चाळीस मिनिटं जास्त आणि येताना चाळीस, असे शाळेचे साधारण १८० दिवस धरले तर वर्षाचे २४० तास होतात. सहावीतल्या मुलाची झोप, पोहणं, तबला आणि रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ यातूनच हा वेळ कापला जातो. शाळा सुटल्यावरच्या बँड आणि रोबोटिक्ससाठी उशिराची बस आहे का, हे आधी विचारा. नसेल तर आठवड्यातून दोनदा कोणीतरी मीटिंग सोडून निघणार. एकदा सकाळी, कामाच्या दिवशी, त्या स्टॉपपर्यंत गाडी चालवून बघा. रविवारी दुपारी काढलेला गुगल मॅपचा वेळ इथे कामाचा नाही.

भेट

ओपन हाउसला सगळ्याच शाळा छान दिसतात. शक्य असेल तर शाळा चालू असताना भेटीची वेळ मागा. तास बदलतानाची चार मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभं राहून पाहा, ब्रोशरपेक्षा जास्त कळतं. गेल्या वर्षी किती मुलं मधूनच परत गेली आणि का, हे विचारायला लाजू नका.

अर्जातल्या नेहमीच्या चुका

- ‘लागतो का बघू’ म्हणून अर्ज करणं. काही डिस्ट्रिक्टमध्ये जागा स्वीकारली, किंवा नुसती मिळाली, तरी ठरलेल्या शाळेतली जागा जाते. नियमपत्रिकेत हे वाक्य शोधून वाचा.
- भावंडाच्या प्राधान्यावर विसंबणं. हे प्राधान्य अनेकदा दोघं एकाच वेळी त्या शाळेत असतील तरच मिळतं. थोरली आज आठवीत असेल, तर धाकटा सहावीत येईपर्यंत ती बाहेर पडलेली असते.
- पत्त्याचा पुरावा. अपार्टमेंटचं लीज मध्येच संपत असेल तर नूतनीकरणाचा कागद आधीच काढून ठेवा.

नंबर लागला नाही तरी वेटलिस्टवर नाव राहू द्या. उन्हाळ्यात घरं बदलतात, म्हणून यादी ऑगस्टपर्यंत हलते.

मुलाला विचारताना

‘तुला काय हवंय?’ असं विचारलं की तो मित्राच्या शाळेचं नाव घेणार. त्यापेक्षा विचारा, रोज एक तास कोडिंग करायला आवडेल की त्याच वेळात ऑर्केस्ट्रा? मॅग्नेटमध्ये ठरलेल्या विषयांमुळे ऐच्छिक तास कमी उरतात, आणि व्हायोलिन सुटलं की रुसवा वर्षभर टिकतो.

जागा मिळाल्यावर होकाराची मुदत थोड्या दिवसांचीच असते. होकार देण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर लेखी घ्या: आठवीनंतर ही जागा हायस्कूलच्या मॅग्नेटपर्यंत जाते, की पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि परत यायचं ठरलं तर बेस स्कूलमध्ये कधी येता येतं. सेमिस्टरच्या मध्ये परतलेल्या मुलाला गणिताच्या वरच्या तुकडीत जागा मिळेलच असं नाही.