सर्व्हर क्लाउडवर नेताना या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला, की क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांची, चौकशी सुरू होते. त्या घाईत सर्व्हर हलवले जातात आणि तीन महिन्यांनी तीच मंडळी बिल घेऊन माझ्याकडे येतात.

सर्वांत महाग चूक म्हणजे जुन्या सर्व्हरच्या मापाचेच यंत्र क्लाउडवर घेणे. स्वतःचा सर्व्हर विकत घेताना पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधून तो मोठा घ्यावा लागतो. क्लाउडवर मात्र यंत्र थांबवून त्याचे माप काही मिनिटांत बदलता येते. वाडीतल्या एका वाहतूक व्यावसायिकाचा सर्व्हर १६ कोर आणि ६४ जीबी मेमरीचा होता. काम घेतलेल्या एजन्सीने क्लाउडवरही तेवढेच यंत्र घेतले, आणि दर कमी पडावा म्हणून पहिल्याच आठवड्यात तीन वर्षांची बांधिलकीही करून टाकली. मी आलेख उघडले, तेव्हा प्रोसेसरचा वापर दिवसभर आठ टक्क्यांच्या आतच होता आणि फक्त संध्याकाळी बिल्ट्या छापण्याच्या वेळी तो विसाच्या आसपास जात होता. चार कोरांत भागणारे काम होते ते. पण बांधिलकीची रक्कम वापर असो वा नसो, भरावीच लागते, आणि ते व्यावसायिक ती आजही भरत आहेत.

म्हणून जुन्या सर्व्हरवरच चार आठवडे, महिनाअखेर धरून, वापर मोजण्याची मी सवय ठेवली आहे. नंतर लहान यंत्र घ्यावे, दोन महिने पूर्ण दराने चालवावे आणि मगच बांधिलकीचा विचार करावा, तोही एका वर्षाच्या. ॲमेझॉनच्या क्लाउडवर मेमरीचा वापर आपोआप दिसत नाही, त्यासाठी यंत्रात एजंट, म्हणजे मोजमाप पाठवणारा छोटा प्रोग्राम, बसवावा लागतो. घाईवाले हीच पायरी हमखास गाळतात.

यंत्र थांबवले म्हणजे बिल थांबले, हाही गैरसमजच आहे. डिस्क आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवून ठेवलेल्या प्रती) यांचे भाडे चालूच राहते. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी (इंटरनेटवरून यंत्र गाठण्याच्या क्रमांकासाठी), तो वापरात असो वा पडून असो, तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर आकारते. चाचणीचे यंत्र मात्र रोज थांबवावेच: सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ धरले, तरी आठवड्याच्या १६८ तासांपैकी ६०च तास लागतात.

खर्च ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की येणारी बजेटची सूचना फक्त ईमेल पाठवते, खर्च रोखत नाही. ती एकट्या मालकाच्या नव्हे, हिशेब पाहणाऱ्याच्या पत्त्यावरही जाऊ द्यावी.

रीजन, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष जिथे चालते तो भाग, निवडताना मुंबई किंवा हैदराबाद घ्यावे. शिकाऊ मुले खाते उघडल्यावर समोर दिसणारे अमेरिकेतले रीजन तसेच ठेवतात आणि मग इतवारीतल्या दुकानात एकेक नोंद रखडते.

एक टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगानेही सुमारे २२ तास घेतो, तेव्हा रविवारच्या एका दुपारीत स्थलांतर उरकण्याचे वचन कोणालाही देऊ नये. जुना सर्व्हरही लगेच भंगारात काढू नये. नव्या यंत्रावर एक महिनाअखेर आणि एक जीएसटी विवरणपत्र पार पडेपर्यंत मी तो नेटवर्कची केबल काढून जागेवरच ठेवतो.